डोकं फिरलं... आणि मग तीन तास!

सिग्नल सुटतो. मागचा बाईकवाला हॉर्न बडवत येतो, तुमच्या आईचा उद्धार करतो आणि कट मारून पुढे सटकतो. त्या क्षणी तुम्ही मनातल्या मनात त्याचं काय काय करता, ते इथे छापता येणार नाही. प्रत्यक्षात मात्र मुकाट गिअर टाकता आणि ऑफिस गाठता. का बरं?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये हाच प्रश्न विचारला. माणसं गुन्हा का करतात ते सोडा, बाकीचे का करत नाहीत? त्यांच्या मते आपल्याला धरून ठेवतात ते धागे : घरच्यांची माया, करिअरमध्ये घातलेली वर्षं, दिवसभराचे व्याप आणि नियम पाळायचे असतात हा विश्वास. मला तर कधी कधी वाटतं, संस्कारांपेक्षा होम लोनचा हप्ताच आपल्याला जास्त सरळ ठेवतो!

पण सगळे धागे शाबूत असलेल्या माणसाचं काय?

२७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी. हुद्दा, इभ्रत, तीन मुलं. दुपारी बायकोने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी काय केलं? बायको-मुलांना गाडीतून सिनेमाला सोडलं, सहाला न्यायला येतो म्हणाले. मग जहाजावर गेले. रात्री एकट्याने अहमदनगरला जायचंय, असं खोटंच सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आधी आहुजाच्या ऑफिसात, तिथे नाही म्हणून त्याच्या फ्लॅटवर. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला गोळ्या झाडल्या गेल्या.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. हायकोर्टाने मात्र जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. कोर्टाने सरळ घड्याळ पाहिलं. घरातून निघाले दीडच्या सुमाराला. भानावर यायला जवळजवळ तीन तास मिळाले होते. (१९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली, पण ती वेगळी स्टोरी.)

गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे तोल गेला, तर खुनाचा आरोप सौम्य होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही सवलत आहे. पण ‘साहेब, डोकं फिरलं होतं’ म्हणालात, की पुढचा प्रश्न ठरलेला : किती वेळ?