‘आमच्या वेळी कोण आलं होतं?’

बचतगट, महिला मंडळ, ग्रामसभा अशा बायकांच्या बैठकांना बसायला लागून मला वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कोण बोलणार हेसुद्धा आधीच कळतं. ‘आमच्या वेळी कोण आलं होतं विचारायला?’ सुनेनं माहेरी चार दिवस जास्त राहण्याचा विषय असो, नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या मुलीला गटात घ्यायचा, हे वाक्य येतंच. आणि गंमत बघा, ज्यांचं सुखात गेलं त्या सहसा असं बोलत नाहीत. जिनं सोसलेलं असतं, तीच बोलते.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर गावांना तसं करायचं आवाहन केलं. ते वाचून रत्नागिरीजवळच्या एका गावात आमच्या गटातल्या तरुण मुली उत्साहानं उठल्या. निदान संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तरी सगळ्यांना बोलवू या, म्हणाल्या. गावात एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी होती. नवरा मच्छीमारी बोटीवर खलाशी होता, तो गेलेला, पदरात लहान पोर. तिच्यापासून सुरुवात करायची ठरत होती.

सगळ्यात कडक विरोध कोणी केला असेल? एका काकूंनी. त्या स्वतः सव्विसाव्या वर्षी विधवा झालेल्या. पुतणीच्या लग्नात पहाटेपासून चुलीशी बसून शंभर पानांचा स्वयंपाक त्यांनी केला, पण अक्षता टाकायला कोणी पुढे बोलावलं नाही. वाण तर कधीच नाही. मला वाटायचं, ह्यांनीच पहिला हात वर करावा. पण त्या म्हणाल्या, ‘‘रीतच खोटी म्हणता ना? मग माझी चाळीस वर्षं कशापायी गेली, ते सांगा आधी.’’

बैठकीत कोणालाच उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. काकूंना दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्या दुष्ट नाहीत. सोसण्याला काही अर्थ होता, एवढ्याच आधारावर त्यांनी दिवस काढलेले. दुसरीला ते सोसावं लागलंच नाही, तर आपलं सगळं फुकट गेलं असं वाटणारच की.

मला मात्र त्या दिवशी देवरुखच्या जोशींच्या दोन बहिणी आठवल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या, तरी आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतील.

थोरली गोदूबाई. आठ-नऊ वर्षांची असताना विधवा झाली, पुढे केशवपन, सासरी राबणं. मुंबईत पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये शारदा सदन काढलं, तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी ती एक. 1893 मध्ये पुण्यात तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. सगळे तिला बया म्हणत. लग्नानंतर मुरूडला, म्हणजे कर्व्यांच्याच गावात, त्यांच्यावर बहिष्कार पडला. तिथवर बहुतेक चरित्रांत असतंच. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, 1900 मध्ये तो हिंगण्याला गेला. आणि त्या आश्रमात बयांना जागा नव्हती! पुनर्विवाह केलेली बाई तिथं राहते म्हटलं, तर पालक मुली पाठवणार नाहीत, देणग्या बंद होतील, ही भीती. म्हणजे जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं, तीच उंबऱ्याबाहेर. धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. ती शिकली, आश्रमातली मुख्य कार्यकर्ती झाली आणि निधी गोळा करायला थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आली. एक बहीण आत, एक बाहेर. बया शहरात मुलांना घेऊन तुटपुंज्यात संसार ओढत होत्या. नवऱ्यानं विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा त्या चांगल्याच संतापल्या.

आणि ह्याच बया त्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. आपल्याला जिथं राहू देत नाहीत त्या घरासाठी लोकांपुढे हात पसरायचा, हे मला तरी जमलं नसतं. ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर वाचा. देवीबिवी होऊन लिहिलेलं नाही ते. रागावलेली, नवऱ्याला दोन शब्द सुनावणारी बाई आहे ती.

पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘‘चिडली नाही ती?’’

‘‘चिडल्या की, भरपूर.’’

‘‘मग ठीक,’’ म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

संक्रांतीला त्या आल्या नाहीत. ती मुलगी आली, बिचकत बसली, वाण घेऊन लवकर गेली. मला वाटलं, विषय संपला.

फाल्गुनात कळलं, की काकू तिला घेऊन तहसील कचेरीत खेपा घालतायत. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासाचा, कुठला कागद कुठं अडतो हे काकूंइतकं गावात कोणाला ठाऊक? त्यांना स्वतःला ह्या खेपांनी रडवलेलं. त्या मुलीला कारकुनानं ‘उद्या या’ म्हटलं, तेव्हा काकू तिथल्याच बाकावर बसल्या नि म्हणाल्या, आज काम झाल्याशिवाय उठत नाही.

मी मुद्दाम विचारायला गेले, तर अंगणात कोकमं सुकत घालत होत्या. हळदीकुंकू त्यांना अजून पटलेलं नाही. ‘‘ते तुमचं तुम्ही करा,’’ म्हणाल्या. ‘‘पण तिचा तो उत्पन्नाचा दाखला मार्चनंतर चालायचा नाही. नवा काढायला सांगा तिला. नाहीतर राहू दे, मीच जाते सोमवारी.’’