जबड्यात रोवलेला दात

गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवितात. काही महिन्यांत हाड त्यास घट्ट धरते. मग त्यावर कृत्रिम दात चढवितात. या धातूशी हाडाचे जुळणारे सख्य स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात आढळले. १९६५ साली त्यांनी ज्या पहिल्या रुग्णावर हा उपचार केला, त्याचा जबडा जन्मतःच सदोष होता. तरीही ते रोपण सुमारे चाळीस वर्षे टिकले.

तेव्हा व्याधीग्रस्तांनी निराश होऊ नये. मात्र अनियंत्रित मधुमेह व धूम्रपान यांमुळे हाड जुळण्यास अडथळा येतो. जबड्यावरील किरणोपचारांनी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधांनी जखम भरणे कठीण होते. म्हणून दंतवैद्यापासून आपला आजार व औषधे लपवू नयेत. तसेच कोणतेही औषध आपल्याच मनाने बंद करू नये.