अंगणातला बर्फ आणि बॅटरीचा जोर

जानेवारीत पनवेलला संध्याकाळचे साडेपाच वाजतात, तेव्हा कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला सकाळचे सात वाजलेले असतात. वडाळे तलावाची फेरी झाली की बाकावर बसून मुलाला व्हिडिओ कॉल करायचा, हा आमचा रोजचा नेम. एका संध्याकाळी पडद्यावर नुसतं पांढरं दिसलं. तिकडे रात्रभर बर्फ पडला होता आणि मुलगा बॅटरीवर चालणाऱ्या स्नोब्लोअरने ड्राइव्ह-वे, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचं अंगण, मोकळं करत होता. त्याच्या आईने लगेच विचारलं, ‘‘अरे, एवढ्याशा जागेला यंत्र कशाला? फावड्याने होत नाही का?’’

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र वजनात आहे. आपल्याकडे आषाढात एक सेंटिमीटर पाऊस बघता बघता पडतो आणि गटारांतून गाढी नदीकडे निघूनही जातो. तेवढंच पाणी बर्फ होऊन पडलं, तर साधारण दहा सेंटिमीटरचा थर साचतो, आणि तो कुठेही वाहून जात नाही. दोन गाड्या मावतील असं पन्नास चौरस मीटरचं अंगण धरलं, तर त्यावर पाचशे किलो बर्फ होतो. म्हणजे सिमेंटच्या दहा गोणी. त्या फावड्या-फावड्याने उचलायच्या, तेही कामावर निघण्याआधी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत.

हे हृदयाला किती महाग पडतं, ते क्युबेक प्रांतातल्या संशोधकांनी तपासलं. १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदींवरचा त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, बर्फ न पडलेल्या दिवसांच्या तुलनेत, हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्या पुरुषांचं प्रमाण १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण ३४ टक्क्यांनी जास्त आढळलं. फावड्याने बर्फ उपसण्याचे श्रम हे यामागचं मुख्य कारण असावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बर्फ फेकणारं यंत्रही क्युबेकचंच. आर्थर सिकार हा तिथल्या गवळ्याच्या घरातला. बर्फाने रस्ते अडले की दूध शहरात पोचत नसे. शेतातलं मळणी यंत्र पाहून त्याला कल्पना सुचली. १९२५ मध्ये त्याने यंत्र सिद्ध केलं आणि १९२७ मध्ये माँट्रियलजवळच्या उत्रमाँ या गावाला पहिलं यंत्र विकलं. ते ट्रकवर बसवलेलं होतं. घरगुती यंत्रं पुढे आली, तीही बराच काळ पेट्रोलवर चालणारी. बॅटरीची यंत्रं गेल्या काही वर्षांतली.

या यंत्रांचे प्रकार दोन. लहान यंत्रात पुढे रबरी पाती फिरतात. ती बर्फ ओढतात आणि वरच्या नळकांड्यातून बाजूला फेकतात. पाती जमिनीला घासत चालत असल्यामुळे काँक्रीट किंवा डांबरावर काम स्वच्छ होतं, पण खडीच्या अंगणात दगड उडतात. मोठ्या यंत्रात लोखंडी पाती बर्फ आत ओढतात आणि मागचा वेगवान पंखा तो लांब भिरकावतो. महानगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करताना दाराशी जो घट्ट, ओला बांध रचून जातो, त्याला हे मोठं यंत्रच लागतं.

आता बॅटरीकडे वळू. ५६ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर-तासांची एक बॅटरी ४२० वॅट-तास वीज साठवते. अशा दोन मिळून ८४० होतात. म्हणजे आपल्या वीजबिलातल्या एका युनिटपेक्षाही कमी. तेवढ्यात साधारण घरापुढचं अंगण साफ होतं. धूर नाही, पेट्रोल शिळं होण्याची भीती नाही, दोरी ओढत बसणं नाही. मात्र अंगण लांबलचक असेल किंवा बर्फ ओला आणि जड असेल, तर बॅटरी लवकर उतरते. म्हणून सगळा बर्फ पडून जाईपर्यंत थांबू नये. दहा-दहा सेंटिमीटरला एक फेरी मारावी.

थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती कमी वेळ चालते. शून्य अंशाखाली ती चार्ज केली, तर आत लिथियम धातूचा थर जमून बॅटरी कायमची बिघडू शकते. यंत्र खुशाल गॅरेजमध्ये राहू द्यावं. बॅटरी घरात ठेवावी, घरातच चार्ज करावी आणि काम सुरू करतानाच बसवावी. उन्हाळ्यात ती अर्धी भरलेली, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी.

खरा धोका वेगळाच आहे. ओला बर्फ नळकांड्यात अडकतो आणि माणूस सवयीने हात घालतो. बॅटरीचं यंत्र थांबलं की अगदी शांत असतं, त्यामुळे ते बंदच आहे असं वाटतं. पण अडकलेल्या पात्यांत ताण उरलेला असू शकतो; बर्फ सुटताच ती झटका देऊन फिरतात आणि बोटं जातात. आधी यंत्र बंद करायचं, किल्ली आणि बॅटरी काढायची, मग यंत्रासोबत मिळालेल्या दांडीनेच बर्फ काढायचा. हात कधीही घालायचा नाही. बर्फ वाऱ्याच्या दिशेने फेकावा, नाहीतर तो आपल्याच तोंडावर येतो. रस्त्यावर फेकायला तिकडच्या अनेक शहरांत मनाई आहे.

पनवेलमधून मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगेन. मुलगा कामावर गेलाय, आपण तेवढं अंगण साफ करून ठेवू, या मायेपोटी फावडं उचलू नका. आपल्या शरीराला त्या थंडीची सवय नाही. मदत करायचीच असेल, तर संध्याकाळी आठवणीने बॅटरी घरात आणा आणि चार्जिंगला लावा. सकाळी यंत्र चालायला तीच मदत लागते.