गेम बंद पडला तर पदवीचे काय?

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होता. त्याच खेळाचा भारतासाठी केलेला अवतार, बीजीएमआय, 2 जुलै 2021 रोजी आला. 28 जुलै 2022 रोजी तोही अ‍ॅप स्टोअरवरून उतरवला गेला आणि मे 2023 च्या अखेरीस परतला. आता 2020 मध्ये प्रवेश घेऊन 2023 मध्ये पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याचा विचार करा. त्याच्या तीन वर्षांपैकी सुमारे वीस महिने हा गेम अधिकृतपणे डाउनलोडच करता येत नव्हता. विशेष म्हणजे जून-जुलै 2022 मध्ये बीजीएमआय मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्स 2 या वाहिनीवर थेट दाखवली गेली होती आणि बक्षिसांची रक्कम दीड कोटी रुपये होती. ती संपून पंधरवडाही उलटला नाही तोच गेम गायब झाला. बारावीनंतर ‘ई-स्पोर्ट्समध्ये करिअर’ हा प्रश्न आता ठाण्यात, कल्याणमध्ये आणि डोंबिवलीतही घराघरांत विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना आधी हे वेळापत्रक समोर ठेवावे. ज्या पदवीचा अभ्यासक्रम एखाद्या गेमवर उभा आहे, ती त्या गेमइतकीच टिकेल. गेम गेला तरी विद्यार्थ्याच्या हाती काय उरते, यावरच अशा पदवीची आखणी व्हायला हवी.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा की ई-स्पोर्ट्सची पदवी म्हणजे गेम खेळायला शिकवणारी पदवी. मुलांना त्याचा मोह पडतो आणि पालकांना त्याचीच धास्ती वाटते. दोघांचीही समजूत चुकीची आहे. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर विद्यापीठाने 2018 मध्ये ई-स्पोर्ट्सची बीए पदवी सुरू केली. तिचा भर स्पर्धांचे आयोजन, प्रसारण, विपणन आणि संघांचे व्यवस्थापन यांवर होता. त्याआधी 2014 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या खेळाडूंना शिष्यवृत्ती दिली. मात्र ती विद्यापीठाच्या संघात खेळण्यासाठी होती. शिकायचे ते नेहमीचेच विषय. संघात खेळणे वेगळे आणि त्या खेळाच्या व्यवसायात पदवी घेणे वेगळे, हा फरक आपल्याकडे अजून रुजलेला नाही. बीजीएमआयसारख्या खेळाच्या अंतिम फेरीत चार-चार जणांचे सोळा संघ उतरतात, म्हणजे चौसष्ट खेळाडू. देशभरातून चौसष्ट! खेळाडूची उमेदीची वर्षेही साधारण विशीच्या आसपासचीच असतात, म्हणजे नेमकी पदवी शिकण्याची. त्यामुळे वर्गात बसवून व्यावसायिक खेळाडू घडवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर ते हिशेबातच बसत नाही. त्या चौसष्टांभोवती मात्र पंच, समालोचक, कोणता क्षण पडद्यावर दाखवायचा ते ठरवणारे ऑब्झर्व्हर, ध्वनी आणि नेटवर्क सांभाळणारे, प्रायोजकांशी बोलणी करणारे, आकडेवारीचा अर्थ लावणारे असे कितीतरी लोक लागतात. पदवीचा विषय त्यांचे काम हा आहे.

दुसरा गैरसमज अधिक धोक्याचा आहे: ई-स्पोर्ट्स म्हणजे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. रमी, पोकर आणि फँटसी क्रिकेटच्या जाहिरातींनी हा गोंधळ वाढवला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा केला. 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे सोशल गेम आणि पैशांचे गेम असे तीन वेगळे गट केले. पैशांचे गेम चालवण्यावर बंदी घातली आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. ई-स्पोर्ट्समध्ये स्पर्धेसाठीचे प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर मिळणारे बक्षीस चालते, पण पैज चालत नाही. शिवाय तो खेळ मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत असावा लागतो. आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलांकडून पन्नास-पन्नास रुपये गोळा करून गेममधली खासगी खोली उघडायची आणि जिंकणाऱ्याला रोख रक्कम द्यायची, हा प्रकार कोणत्या गटात पडतो? आयोजकाला याचे उत्तर माहीत नसेल तर तो अडचणीत येऊ शकतो. म्हणून कायद्याचा विषय चौथ्या वर्षाच्या शेवटी ढकलू नये. माझ्या मते तो पहिल्याच सत्रात असावा.

याच विषयाची दुसरी बाजू मालकीची आहे. कबड्डी कोणाच्या मालकीची नाही. मंडळाला वाटले की मैदान आखून सामने भरवता येतात. व्हिडिओ गेम मात्र ज्या कंपनीने प्रकाशित केला तिच्या मालकीचा असतो. स्पर्धा भरवायला तिची परवानगी लागते आणि नियम तीच बदलते. ‘ओव्हरवॉच’ या गेमची ‘ओव्हरवॉच लीग’ 2018 मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली आणि 2023 च्या हंगामानंतर संपली. त्यासाठी सरकारी बंदीचीही गरज पडली नाही. परवाना, प्रसारणहक्क, खेळाडूचा करार, अल्पवयीन खेळाडूच्या वतीने पालकांनी करायची सही, सामन्यांची निकालनिश्चिती आणि चीट सॉफ्टवेअर पकडण्याची पद्धत हा सारा भाग कोणत्याही एका गेमपेक्षा जास्त काळ टिकणारा आहे.

‘सरकारने मान्यता दिली, आता नोकऱ्या निघतील’ हेही वारंवार ऐकू येते. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने कामकाज वाटपाचे नियम बदलले आणि बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, 2023 मध्ये, ई-स्पोर्ट्सची पदकेही दिली गेली. पण खाते ठरणे आणि पदे निर्माण होणे यांत मोठे अंतर आहे. ऑलिम्पिकचेच पाहा: ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स स्पर्धा 2027 मध्ये रियाधला भरणार असे जाहीर झाले होते, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती व सौदी अरेबिया यांनी तो करार संपवला. अशा घोषणांच्या भरवशावर अठरा वर्षांच्या मुलाची तीन-चार वर्षे लावू नयेत.

मग आपल्या भागात हे शिक्षण कसे आखावे? ठाण्याची बांदोडकर आणि जोशी-बेडेकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे मॉडेल ही स्वायत्त महाविद्यालये आहेत. मुंबई विद्यापीठाच्या चौकटीत राहून ती स्वतःचा अभ्यासक्रम बनवू शकतात. राज्याच्या पदवीच्या नव्या रचनेत मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय, कौशल्याचे विषय आणि ऑन जॉब ट्रेनिंग आहे. माझे मत स्पष्ट आहे: ई-स्पोर्ट्सची पूर्ण पदवी काढण्याची घाई करू नये, वाणिज्य, जनसंचार, संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र हा मुख्य विषय ठेवून ई-स्पोर्ट्स मायनर म्हणून द्यावे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने सामन्यांच्या आकड्यांवर काम करावे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने लेटन्सी, म्हणजे नेटवर्कवरचा विलंब, का वाढते आणि पन्नास फोन एका सभागृहात एकाच वेळी जोडताना वायफाय का कोलमडते, ते शिकावे. जनसंचाराच्या विद्यार्थ्याने मराठी समालोचन करावे. आयपीएलचे मराठी समालोचन 2023 मध्ये जिओसिनेमावरही झाले. गेमिंगच्या मराठी समालोचनाची भाषा मात्र अजून घडायची आहे आणि ती घडवणे हे मोठे, आनंदाचे काम आहे. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास लागतात, म्हणजे चार क्रेडिटच्या प्रशिक्षणाला एकशे वीस. तेवढ्या तासांत डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात किंवा ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा उभी करता येते: परवानगी, अंदाजपत्रक, प्रकाशयोजना, थेट प्रक्षेपण, हिशेब आणि शेवटी अहवाल. गुणही त्या अहवालावर द्यावेत. स्पर्धा कोण जिंकले यावर देऊ नयेत. ज्या डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, तिथे हजारो लोकांचा कार्यक्रम शिस्तीत पार पाडणारी माणसे शोधायला दूर जावे लागणार नाही. पहिले पाहुणे प्राध्यापक त्यांच्यातूनच निवडावेत.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला: इतके जुनेच विषय शिकवायचे असतील तर साधी बीएमएस काय वाईट? वाईट काहीच नाही. पण गेमचा परवाना, ऑब्झर्व्हरचे काम, चीट सॉफ्टवेअरची तपासणी हे बीएमएसमध्ये येत नाही, आणि जनसंचाराच्या वर्गात नेटवर्क येत नाही. मायनर या विखुरलेल्या गोष्टी एका कामाभोवती आणतो. दुसरा आक्षेप शिक्षकांचा. यूजीसीच्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. भारतीय ई-स्पोर्ट्समध्ये तेवढी वर्षे काढलेले लोक मोजकेच. मात्र टीव्ही निर्मिती, ध्वनी, क्रीडा कायदा, क्रीडा मानसशास्त्र यांत तो अनुभव असलेले लोक मुंबई-ठाणे पट्ट्यात मुबलक आहेत. शिकवायचे मुख्यतः तेच असल्याने ही अट वाटते तितकी आडवी येत नाही. महागड्या संगणकांचा प्रश्न त्याहून सोपा आहे, कारण आपल्याकडची स्पर्धा बव्हंशी मोबाइलवर होते.

राहिला शेवटचा, पण पालकांचा पैसा बुडवणारा गैरसमज: कोणतीही अकादमी ‘ई-स्पोर्ट्स डिग्री’ देऊ शकते. यूजीसी कायदा 1956 च्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बाकीच्यांनी दिलेले प्रमाणपत्र उपयोगी असू शकेल, पण त्यावर पदव्युत्तर प्रवेश किंवा पदवीची अट असलेली सरकारी नोकरी मिळणार नाही. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्या: पदवी कोणत्या विद्यापीठाची, अभ्यासक्रमातील किती क्रेडिट एखाद्या विशिष्ट गेमवर अवलंबून आहेत, आणि ऑन जॉब ट्रेनिंग नेमके कोणाकडे होणार. उत्तर तोंडी मिळाले आणि कागदावर नाही, तर प्रवेश घेऊ नका.