ॲल्युमिनियमच्या जुन्या होडीचा जीर्णोद्धार



इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाचीं डिकसळ, कुंभारगांव, पळसदेव, कळाशी हीं गांवें एके काळीं भीमेच्या कांठचीं म्हणून ओळखलीं जात. उजनी येथें भीमेवर धरण बांधण्याचें काम १९६९ मध्यें सुरू झालें, १९८० मध्यें तें पुरें झालें, आणि नदीच्या जागीं सुमारें ११७ टी. एम. सी. पाण्याचा यशवंतसागर पसरला. जुनें पळसदेव पाण्याखालीं गेलें; उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें कीं तेथील पळसनाथाच्या मंदिराचें शिखर पुनः दिसूं लागतें. ज्या शिवारांत ज्वारी डुलत होती तेथें आज कटला, रोहू आणि चिलापी यांसाठीं जाळीं पडतात. अशा मुलखांत होडी ही चैनीची वस्तु नव्हे. शेतकऱ्याला बैल तशी मच्छीमाराला होडी. आणि बैलाप्रमाणेंच तीहि पुष्कळदां दुसऱ्याच्या दावणीची, जुनी, घासाघीस करून घ्यावी लागते.

या कांठावर लांकडी होड्या आहेत, लोखंडी पत्र्याच्या आहेत, अलीकडे फायबरच्याहि दिसतात. क्वचित् एखादी ॲल्युमिनियमची होडी कोठून तरी हातोहात फिरत येते. तिच्या बाबतींत माणसें दोन प्रकारें फसतात. कोणी म्हणतो, "हिला गंज चढत नाहीं, मग पाहावयाचें काय?" दुसरा म्हणतो, "हा तर भांड्यांचा पत्रा, मोडींत घाला." दोघांचेंहि म्हणणें अर्धेंच खरें आहे, आणि पाण्यावर अर्धें खरें फार महाग पडतें.

ॲल्युमिनियमची होडी ही कल्पना नवी नव्हे. झुरिच येथील एशर विस या कारखान्यानें १८९१ मध्येंच तशी नाव बांधली होती. परंतु सामान्य माणसाच्या हातीं ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर. विमानांची मागणी ओसरली, कारागीर मोकळे झाले, आणि अमेरिकेंतील ग्रमन या विमानांच्या कारखान्यानें १९४५ च्या सुमारास पत्रे ताणून व रिव्हेट ठोकून हलक्या होड्या करण्यास आरंभ केला. हा इतिहास सांगण्याचें कारण एवढेंच कीं, अशा जुन्या होडीची घडण विमानासारखी असते. तिचें अंग एकसंध नसतें. शेंकडों रिव्हेटांनीं पत्र्याचे तुकडे एकमेकांस जखडलेले असतात. पत्रा सहसा मरत नाहीं. मरतो तो सांधा. तेव्हां होडी पाहावयास गेलां तर तिची चकाकी पाहूं नका, तिचे सांधे पाहा.

त्याची परीक्षा अगदीं साधी आहे. होडी दोन ओंडक्यांवर, पोटाखालीं चांगला आधार देऊन ठेवावी आणि आंत चार बोटें पाणी ओतावें. अधिक ओतूं नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तळ्यांत बाहेरचें पाणी पत्र्याला पेलून धरतें, जमिनीवर तसा आधार नसतो. मग हातांत खडू घेऊन होडीखालीं बसावें आणि थेंब दिसेल तेथें खूण करावी. पाण्यावर असतांना गळती कोठून होते तें कळत नाहीं, कारण आंत आलेलें पाणी सगळीकडे पसरतें; येथें तेंच पाणी बाहेर पडतांना आपली वाट आपणच दाखवितें. थेंब बहुधा मधल्या कण्याच्या ओळींत, बाकांच्या बुडाशीं आणि मागच्या फळीच्या कोपऱ्यांत सांपडतात. कण्याला दगडगोट्यांवरून ओढल्याची झीज असते, बाकांना माणसांच्या भाराची, आणि मागच्या फळीला यंत्राच्या थरथरीची.

सैल झालेला रिव्हेट उपटून काढण्याची घाई करूं नये. एकानें बाहेरून त्याच्या डोक्यावर लोखंडाचा जड ठोकळा घट्ट दाबून धरावा आणि दुसऱ्यानें आंतून शेपटीवर हलके हलके घाव घालावे. धातु फुगून भोंक भरून निघतें आणि पुष्कळ वेळां गळती तेवढ्यानेंच थांबते. न थांबल्यास तो कापून ॲल्युमिनियमचाच, किंचित् जाड आणि भरीव असा नवा रिव्हेट घालावा व त्याखालीं लवचीक सीलंट भरावें. पिस्तुलानें मारावयाचे पोकळ रिव्हेट बाजारांत स्वस्त मिळतात आणि एकट्या माणसाला बसवितांहि येतात. ते नांवाच्या पाटीला शोभतात. पाण्याखालीं त्यांच्या पोकळींतूनच नवी गळती सुरू होते.

पत्र्याला चीर गेली असेल तर प्रथम तिचीं दोन्ही टोकें शोधावीं आणि प्रत्येक टोकाशीं सुमारें तीन मिलिमीटरचें भोंक पाडावें. फुटलेल्या पत्र्याला आणखी भोंकें पाडणें हें वेडेपणाचें वाटेल. परंतु चीर पुढें सरकते ती तिच्या सुईसारख्या टोंकाशीं सारा ताण एकवटतो म्हणून. गोल भोंकांत तो ताण वांटला जातो आणि चीर तेथें थांबते. त्यानंतरच आंतून ठिगळ लावावें किंवा वेल्डिंग करावें.

वेल्डिंगचें काम मात्र गेटें आणि जाळ्या करणाऱ्या नेहमींच्या दुकानांत देऊं नये. लोखंड तापतां तापतां लाल होऊन कारागिराला सावध करतें. ॲल्युमिनियम तसें करीत नाहीं. तें सुमारें ६६० अंशांवर, लाल न होतांच, वितळतें. उलट त्याच्या अंगावर ऑक्साइडाची जी पातळ साय असते ती वितळण्यास दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे वरची साय घट्ट आणि आंतला धातु पातळ, अशी स्थिति होऊन पाहतां पाहतां पत्र्याला भगदाड पडतें. म्हणून तेल व चिखल धुऊन, लोखंडाला कधींहि न लावलेल्या स्टेनलेसच्या ब्रशानें साय खरवडून, आर्गॉन वायूच्या आवरणांत सांधा करावा लागतो. बारामतीला औद्योगिक वसाहत आहे, आणि या सबंध टापूंत दुधाचा धंदा मोठा आहे. दुधाचे ॲल्युमिनियमचे कॅन सांधण्याची ज्याच्या हाताला संवय आहे असा आर्गॉनवाला गांठावा. होडी टेंपोंत घालून बारामतीपर्यंत नेण्याचा खर्च कांठावर फुकट केलेल्या वाईट सांध्यापेक्षां कमीच पडतो.

आतां गंजाविषयीं. ॲल्युमिनियम गंजत नाहीं असें आपण म्हणतों, कारण तीच ऑक्साइडाची साय त्याचें रक्षण करते. परंतु दुसऱ्या धातूची संगत या धातूला सोसत नाहीं. माझ्या परिचयाच्या एका मच्छीमारानें बाकें डगमगतात म्हणून साध्या लोखंडी बोल्टांनीं तीं आवळलीं होतीं. दोन पावसाळ्यांनंतर बोल्टांभोंवतीं चुन्यासारखी पांढरी भुकटी दिसूं लागली. ती नखानें खरवडली तों बोट पत्र्याच्या पलीकडे गेलें. दोन निरनिराळे धातु ओलाव्यांत एकमेकांस भिडले कीं तेथें एक लहानशी विजेची बॅटरीच तयार होते आणि त्या व्यवहारांत ॲल्युमिनियम झिजतें. पाण्यांत क्षार जितके अधिक तितका हा व्यवहार जोरांत चालतो. आणि पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेच्या वाटेनें भीमेंत येऊन शेवटीं उजनींतच सांठतें, हें आपण जाणतांच. तांबें तर याहून घातक. फळ्यांखालीं पडून राहिलेला तांब्याच्या तारेचा तुकडा बुडाला भोंक पाडूं शकतो. वाळवी लागूं नये म्हणून तांब्याच्या क्षारांचें औषध पाजलेलें हिरवट लांकूड मिळतें, तेंहि या होडींत वर्ज्य समजावें. बोल्ट स्टेनलेसचे घ्यावे व त्यांच्याखालीं नायलॉनची चकती घालावी. ओलीं जाळीं, गोणपाट आणि चिखल यांचा थर महिनोन्‌महिने पत्र्यावर बसूं देऊं नये, कारण हवा न लागलेल्या जागीं ती रक्षक साय पुनः धरत नाहीं.

रंगाचें थोडक्यांत सांगतों. होडीला रंग नसला तरी चालतें. द्यावयाचाच असेल तर ॲल्युमिनियमला धरणारा खास प्रायमर आधीं द्यावा. लोखंडी खिडक्यांचा तांबडा प्रायमर सालपटासारखा सुटून येतो.

होडी गळावयाची थांबली म्हणजे तिच्यांत फेरफार करण्याचा उत्साह येतो. परदेशांत अशा होड्या मासेमारी आणि बदकांची शिकार या दोन्ही कामांसाठीं सजवितात. आपल्याकडे दुसऱ्या कामाचें दार बंद झालें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्याची शिकारहि संपविली. तें योग्यच झालें. शिकाऱ्याच्या विद्येंतील पुष्कळसा भाग मात्र वायां गेला नाहीं. हिंवाळ्यांत भिगवण-कुंभारगांवच्या उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहावयास आणि त्यांचीं छायाचित्रें घ्यावयास दूरदूरचे लोक येतात. चकाकणारा पत्रा दिसूं नये म्हणून मळकट रंग, लपण्यासाठीं बुटकी आडोशाची जाळी, यंत्र बंद करून बांबूनें हळूच होडी रेटणें, ही सारी शिकाऱ्याचीच युक्ति आहे. बंदुकीच्या जागीं दुर्बीण आली इतकेंच. पक्षी माना वर करूं लागले कीं थांबावें. थवा उडाला तर छायाचित्र मिळेल, पण त्यांचें चरणें मोडेल.

पण ज्या होडींत जाळें आणि दोन माणसें बसत होतीं तींत सहा पाहुणे बसविण्यासाठीं नुसतें बाक ठोकणें पुरत नाहीं. २१ मे १९२४ नव्हे, अगदीं आपल्या डोळ्यांदेखतच्या २१ मे २०२४ या दिवसाची गोष्ट आहे. करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे येणारी होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यांत उलटली. होडींत सात जण होते. एक पोहून कांठाला लागला, सहा गेले. उघड्या जलाशयावर वाऱ्याला अडवावयास कांहीं नसतें. वळवाचा वारा सुटला कीं आंखूड, उभट लाटा एकामागून एक येतात, आणि एक लाट आंत आली कीं होडी जड होऊन दुसरीला वाट देते.

म्हणून फेरफार करतांना मी एकच माप प्रथम धरतों: वजन किती खालीं राहील? जाळें फेंकण्यास सोयीचा म्हणून पुढें उंच चौथरा करतात, पाहुण्यांना दिसावें म्हणून उंच खुर्च्या बसवितात. उभ्या माणसाचें वजन उंचावर असतें. थवा दिसला कीं सारे एकाच बाजूला वांकतात. आणि तेवढ्यांत लाट बाजूनें आली तर पुढें कांहीं करतां येत नाहीं. बाकें बुटकीं, पक्कीं आणि मध्यभागीं असावीं. इंधनाचा डबा व बॅटरी बुडाशीं, बांधलेलीं.

यानंतर तरंगण्याचा हिशेब करावा. लांकडी होडी पाण्यानें भरली तरी तरंगत राहते. ॲल्युमिनियमची बुडते, कारण हा धातु पाण्याच्या २.७ पट जड आहे. समजा, होडीचा पत्रा ९० किलोचा आहे. पाण्याखालीं तो ३३ लिटर पाणी बाजूला सारतो, तेव्हां उरलें ५७ किलो. यंत्राचे सुमारें ३० धरा, झाले ८७. चार माणसें कांठाला धरून लोंबकळलीं तर प्रत्येकीं १५ किलोंप्रमाणें आणखी ६०. एकूण १४७. खाद्यतेलाचा वीस लिटरचा रिकामा, घट्ट झांकणाचा प्लास्टिकचा डबा पाण्याखालीं सुमारें २० किलो वजन उचलून धरतो. म्हणजे आठ डबे पाहिजेत. ते बुडाशीं मात्र बांधूं नयेत. बुडाशीं बांधले तर भरलेली होडी पालथी होऊं पाहते. दोन्ही कडांलगत, बाकांखालीं, शक्य तितके वर बांधले तर ती सरळ राहते. डब्यांऐवजीं थर्मोकोल भरतात, पण पेट्रोल सांडलें कीं तो विरघळून जातो.

शेवटची परीक्षा पाहुणे बसविण्यापूर्वीं, कंबरभर पाण्यांत, जाकीट घालून घ्यावी. माणसांऐवजीं वाळूचीं पोतीं बसावयाच्या जागीं ठेवावीं आणि कांठ पाण्यावर किती वीत उरतो तें पाहावें. मग सारीं पोतीं एका बाजूला सरकवावीं. त्यानंतर पोतीं काढून होडींत मुद्दाम पाणी भरावें, आणि चौघांनीं कडेला लोंबकळून पाहावें.

वर सांगितलेल्या त्या मच्छीमारानें ही परीक्षा केली. सहा पोत्यांना कांठ चार बोटेंच उरला. त्यानें एक बाक तेथल्या तेथें उखडून काढलें, होडीच्या आंतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत "चार" हा आंकडा रंगविला, आणि पांचवा पाहुणा आला कीं तो त्याला त्या आंकड्याकडे बोट दाखवितो. यंदां त्याचें उत्पन्न थोडें कमी झालें, असें त्यानें मला सांगितलें.