ढगाची सावली ढगाखालीच पडते?

पावसानं ओढ दिली की बिदर-कलबुर्गीतल्या बसवकल्याण, भालकी, आळंदकडे तुरीच्या बांधावर उभी असलेली माणसं दोनच गोष्टी बघतात: माथ्यावरचे ढग आणि मोबाइलवरचा अंदाज. दोन्ही जुळले नाहीत की दोष अंदाज काढणाऱ्या संगणकाला. तो थोडाफार दोषी असतोही, पण लोकांना वाटतं तिथे नाही.

गैरसमज: ऊन वरून येतं, सावली खाली पडते. यात संगणक चुकणार कुठे?

वस्तुस्थिती: नेमका इथेच. हवामानाच्या बहुतेक मॉडेलांत वातावरणाचे उभे स्तंभ पाडतात. ऊन आपल्याच स्तंभातून खाली-वर जातं, शेजारच्या स्तंभात शिरत नाही. सूर्य कलला की ऊन मंदावतं, हे धरलेलं असतं. सावली मात्र ढगाच्या बरोब्बर खाली टाकतात. बिदर-कलबुर्गीत असं खरोखर घडतं ते वर्षातून दोनदा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो त्या शून्य सावलीच्या दिवशी, तेही ऐन मध्यान्ही. मॉडेलात शून्य सावली रोजची, अगदी सकाळ-संध्याकाळचीसुद्धा.

फरक किरकोळ नाही. ढगाचा तळ दीड किलोमीटरवर आणि सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल, तर सावली अडीच किलोमीटरहून जास्त लांब पडते. मॉडेलातला ढग आपल्याच खालची जमीन गार करतो. तिथून उठणारी गरम, दमट हवा हाच त्याचा खुराक, तो तुटतो. प्रत्यक्षात त्याच्याखालची काळी जमीन तापतच राहते आणि गारवा जातो दुसऱ्याच्या रानात. म्यूनिकच्या फाबियान याकूब आणि बेर्नहार्ड मायर यांनी २०१७ मध्ये संगणकात प्रकाशाला तिन्ही दिशांनी फिरू दिलं, तेव्हा ढग उन्हाच्या दिशेशी काटकोनात रांगा धरू शकतात, असं दिसलं.

गैरसमज: स्तंभांच्या चौकटी बारीक केल्या की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची (आयआयटीएम) भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटींवर चालते. पावसासाठी हे चांगलंच. उन्हाचं गणित मात्र उलटं आहे. ६ किलोमीटरच्या चौकटीत सरकलेली सावली बरेचदा मावून जाते. चौकट २०० मीटरची केली की तीच सावली डझनभर चौकटी ओलांडते, आणि स्तंभांच्या भिंती आड येतात.

गैरसमज: ढग आले की ऊन घटतंच.

वस्तुस्थिती: विखुरलेल्या ढगांच्या फटीत काही क्षण ते निरभ्र दिवसापेक्षाही कडक असतं. ढगांच्या कडांवरून आडवा विखुरलेला प्रकाश थेट उन्हात मिसळतो.

गैरसमज: धुरानं आभाळ फक्त मळकट दिसतं, ढगाला काही होत नाही.

वस्तुस्थिती: काजळी ऊन शोषते, ढगाच्या थरातली हवा तापते आणि ढग विरतो. हिंदी महासागरावरचं धुरकट आभाळ मोजणाऱ्या १९९९ च्या इंडोएक्स मोहिमेनंतर अँड्र्यू अ‍ॅकरमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये संगणकात हेच दाखवलं.

गैरसमज: तिरक्या उन्हाचा हिशेब शास्त्रज्ञांना जमत नाही.

वस्तुस्थिती: जमतो, पण त्याला लागणारा संगणकाचा वेळ परवडत नाही. मोसमी पावसाच्या मोठ्या प्रणालींचा अंदाज त्यावाचून फारसा अडतही नाही. अडतं ते दुपारच्या फुटकळ ढगांपाशी. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या जागतिक मॉडेलातही स्तंभांचा साधा हिशेब तासातून एकदाच होतो, आणि असा ढग बरेचदा अर्धा तासही टिकत नाही.