कन्सोल निवडायचा, पण कोणत्या घरासाठी?

दिवाळीचा बोनस हातात आला की किंवा नाताळ जवळ आला की वसई-विरारमधल्या बऱ्याच घरांत एक वाद रंगतो. मुलगा सांगत असतो, "पप्पा, एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉपचा आहे, पीएस फाइव्ह फक्त सव्वादहाचा." धाकटीला मारियो खेळायचा असतो, म्हणून तिला निन्टेंडो स्विच हवा असतो. आईच्या डोक्यात विजेचं बिल असतं. सिरीज एक्स नोव्हेंबर २०२०मध्ये आणि पीएस फाइव्ह फेब्रुवारी २०२१मध्ये भारतात आला, तेव्हा दोघांची किंमत सारखीच, ४९,९९० रुपये होती. पुढे ती वाढली. एवढा पैसा घालायचा तर तुलना नीट व्हायला हवी, आणि ती खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून होत नाही. घरातला टीव्ही किती लांब आहे, हॉल किती तापतो, वारा कुठून येतो आणि लाइट किती वेळा जाते, या गोष्टींवरून ती जास्त खरी होते.

तरी आधी तो लाडका आकडा तपासू. सिरीज एक्सच्या ग्राफिक्स चिपमध्ये गणनेचे ५२ गट आहेत. प्रत्येक गटात ६४ गणकं असतात आणि प्रत्येक गणक एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज अशी दोन गणितं करतं. सेकंदाला ठोके १८२.५ कोटी. हा सगळा गुणाकार केला की उत्तर येतं सेकंदाला सुमारे १२ लाख कोटी गणितं, म्हणजेच १२ टेराफ्लॉप. पीएस फाइव्हमध्ये गट ३६च, पण ठोके २२३ कोटींपर्यंत जातात, म्हणून उत्तर १०.२८. एकाने माणसं जास्त लावली, दुसऱ्याने वेग वाढवला. ही गणकं सतत कामात गुंतली आहेत असं धरलेली ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष खेळात मेमरीतून आणि साठवणीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात बराच वेळ जातो, आणि यांत पीएस फाइव्हची साठवण पुढे आहे. ती सेकंदाला ५.५ जीबी वाचते, तर सिरीज एक्सची २.४ जीबी. म्हणून एकच गेम दोन्हींवर शेजारी शेजारी ठेवला तर कधी हा थोडा सरस दिसतो, कधी तो.

मुळात दोन्ही खोक्यांतल्या चिपचं घराणं एकच आहे. दोन्हींचा आराखडा एएमडी या कंपनीच्या तंत्रावर आधारलेला, दोन्हींत आठ गाभ्यांचा झेन टू प्रोसेसर, दोन्हींत १६ जीबी मेमरी, आणि दोन्ही चिपा सुरुवातीला तैवानच्या टीएसएमसी कारखान्यात ७ नॅनोमीटर पद्धतीने घडलेल्या. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना यात ओळखीचं काही सापडेल. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' असे व्हिडिओ गेम मिळत. डबे वेगळे, नावं वेगळी, पण आतली रचना निन्टेंडोने जुलै १९८३मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमची. ठोके सेकंदाला जेमतेम १८ लाख. पोरं डब्याच्या नावापेक्षा कोणाकडे कुठली कॅसेट आहे ते पाहायची, आणि त्यात मोठं शहाणपण होतं.

आता टीव्हीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा दिसतो. डोळ्यांचे डॉक्टर ६/६ नजर म्हणतात ती याच मापावर ठरते. ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडी चित्रात आडवे १९२० ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. हा ठिपका १.७ मीटरवरून, म्हणजे साडेपाच फुटांवरून, बरोबर त्या साठाव्या भागाएवढा दिसतो. त्याहून मागे सरकलात तर ठिपके एकमेकांत मिसळतात. ५५ इंची टीव्ही असेल तर हेच अंतर साधारण सात फूट होतं.

नालासोपाऱ्यातल्या किंवा विरारमधल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांत आठेक फूट अंतर सहज असतं. तिथे बसून ४३ इंचांच्या पडद्यावर फुल एचडीचे २० लाख ठिपके आणि फोरकेचे ८३ लाख ठिपके यांतला फरक सामान्य डोळ्याला दिसतच नाही. यंत्र चौपट काम करतं, वीज खातं, तापतं, आणि ते काम डोळ्यापर्यंत पोचत नाही. ३४,९९० रुपयांना आलेला एक्सबॉक्स सिरीज एस फक्त ४ टेराफ्लॉपचा म्हणून हिणवला जातो. तो १४४०पी, म्हणजे ३७ लाख ठिपक्यांच्या चित्रासाठी बनवलेला आहे. अशा हॉलमध्ये ठिपक्यांच्या हिशेबात त्याला कमी लेखायचं कारण नाही. मुलगा टेबलावर मॉनिटर ठेवून दोन फुटांवरून खेळणार असेल, तर मात्र गणित उलटतं आणि महागडे ठिपके उपयोगी पडतात.

अंतर कितीही असलं तरी डोळ्याला जाणवतो तो चित्र बदलण्याचा वेग. सेकंदाला ३० चित्रं असतील तर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० असतील तर १६.७. चेंडूला बॅट लावताना हा फरक हाताला कळतो. १२० चित्रांची जाहिरात पाहून भुलण्याआधी टीव्ही १२० हर्ट्झचा आहे का ते पाहावं. ६० हर्ट्झचा टीव्ही ६० चित्रंच दाखवणार. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधून चालू करावा. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी जी प्रक्रिया करतो तिच्यात वेळ जातो, तो यामुळे वाचतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

उष्णतेचा विषय जास्त गंभीर आहे. पीएस फाइव्ह जोरात चालत असताना सुमारे २०० वॉट वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन हॉलमध्ये येते. सोनीने चालवण्यासाठी ठरवलेलं बाहेरचं तापमान ५ ते ३५ अंश आहे. एप्रिल-मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, ३५ अंश ओलांडायला फार वेळ लागत नाही. पण तापल्यावर त्याचा वेग कमी होत नाही. मार्च २०२०मध्ये या यंत्राची रचना समजावताना त्याचे प्रमुख शिल्पकार मार्क सर्नी यांनी सांगितलं होतं की चिपचे ठोके तापमान पाहून ठरत नाहीत, कामाचा भार पाहून ठरतात. थंड साप्पोरोत आणि उकडणाऱ्या नालासोपाऱ्यात गेम सारखाच चालावा, यासाठी ही योजना आहे. मला ती फार आवडते. मात्र तिची किंमत पंखा मोजतो. त्याला हवा मिळाली नाही तर यंत्र इशारा देतं आणि बंद होतं.

उष्णतेने काय होतं याचा मोठा धडा जगाने २००७मध्ये पाहिला. एक्सबॉक्स ३६०च्या दर्शनी वर्तुळात तीन लाल दिवे लागायचे आणि यंत्र कायमचं गप्प व्हायचं. मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि दुरुस्तीसाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. यंत्र सुरू झालं की तापतं, बंद झालं की थंड होतं. या चढउतारांनी आतल्या सूक्ष्म जोडण्या तुटत होत्या. सिलिकॉन एका अंशाला दहा लाखांत जेमतेम अडीच-तीन भाग प्रसरण पावतं, चिपखालची पट्टी पंधराएक भाग. २० मिलिमीटरची चिप ५० अंशांनी तापली तर दोघांच्या लांबीत सुमारे १२ मायक्रॉनचा फरक पडतो. तो ताण त्यांना जोडणाऱ्या डाखाच्या इवल्याशा गोळ्यांना सोसावा लागतो, आणि प्रत्येक चालू-बंदला पुन्हा सोसावा लागतो. नंतरच्या यंत्रांत ही रचना सुधारली आहे. तरीही मागे चार-सहा इंच मोकळी जागा ठेवणं हा या घटनेतून घ्यायचा साधा उपाय आहे.

रानगाव, भुईगाव, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यालगतच्या गावांत उष्णतेच्या जोडीला मीठ येतं. वसईची मिठागरं ज्या हवेवर चालत आली, त्याच हवेत लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे कण तरंगत असतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जूनमध्ये स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच सर्किटवर बसलेलं मीठही पाझरतं. फरक एवढाच की खारं पाणी वीज वाहून नेतं, आणि शेजारशेजारच्या तांब्याच्या रेघांमध्ये हळूहळू गंज धरतो. कन्सोल चालू असेपर्यंत त्याचा पंखा ही हवा आत ओढत असतो. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवून वर प्लास्टिकचं कव्हर घालणं सगळ्यात वाईट, कारण ओलावा आतच कोंडतो. अधूनमधून तासभर चालवलं तर आतल्या उष्णतेने सर्किट कोरडं राहतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी यंत्र जमिनीलगतच्या कप्प्यात ठेवू नये. जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी कुठवर आलं होतं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

विजेचं बिल: रोज तीन तास खेळलं तर पीएस फाइव्हचे महिन्याला सुमारे १८ युनिट होतात, सिरीज एसचे सात-आठ, आणि स्विचचा हिशेब एखाद-दोन युनिटांत संपतो. महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, त्यामुळे काठावर असलेल्या घराला हे १८ युनिट जड जाऊ शकतात.

मग सीडीचा प्रश्न. दुकानात आणि पोरांच्या बोलण्यात ती अजून सीडीच आहे, प्रत्यक्षात ब्लू-रे. जुन्या सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा होता, हिचा ४०५चा. तरंग बारीक, म्हणून खुणाही बारीक, आणि ७०० एमबीच्या जागी ६६ किंवा १०० जीबी मावतात. सिरीज एसमध्ये तिच्यासाठी फटच नाही. पीएस फाइव्हच्या डिजिटल आवृत्तीतही नव्हती. २०२३मध्ये आलेल्या सडपातळ डिजिटल आवृत्तीला ती मागाहून जोडता येते. घरात ४० एमबीपीएसचं इंटरनेट असेल तर १०० जीबीचा गेम उतरवायला साडेपाच तास लागतात, तेही मध्ये लाइट गेली नाही तर. उलट लॅमिंग्टन रोडवरून ६६ जीबीची डिस्क पिशवीत टाकून दीड तासात विरारला पोचलात, तर माहिती वाहून आणण्याचा वेग होतो जवळपास १०० एमबीपीएस. पश्चिम रेल्वे इथे ब्रॉडबँडला हरवते! शिवाय ४,९९९ रुपयांचा गेम संपला की डिस्क विकता येते, मामेभावाला देता येते. डाउनलोड केलेला गेम असा हातोहात देता येत नाही. मला स्वतःला डिस्कची बाजू पटते, कारण मध्यमवर्गीय घरात खेळाचा खरा खर्च पहिल्या दिवसानंतर सुरू होतो.

ऑनलाइन खेळताना होणाऱ्या 'लॅग'साठी कन्सोलला दोष देण्याआधी वायफाय पाहावं. समुद्राखालच्या आंतरराष्ट्रीय केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, म्हणजे वसईपासून सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आत. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. गेमचा सर्व्हर मुंबईत असेल तर जाण्यायेण्याला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. सिंगापूरला असेल तर किमान ४०. पण एकाच मजल्यावर पाच-सहा राउटर असलेल्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच मिळतात, आणि सगळी गर्दी तिथे होते. राउटरपासून लॅन केबल ओढली की बहुतेक तक्रार मिटते.

राहता राहिले गेम. एकेकाळी कंपन्यांचे खास गेम निवड ठरवत. आता त्या भिंती खचताहेत. एक्सबॉक्सचा अभिमान असलेला 'फोर्झा होरायझन ५' एप्रिल २०२५मध्ये पीएस फाइव्हवर आला. 'क्रिकेट २४' दोन्हींकडे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेला 'राजी' ऑगस्ट २०२०मध्ये सगळ्यात आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये इतरांवर. जो स्विच निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे विकलाच नाही, त्यावर पुण्याचा गेम आधी पोचला, याची मला आजही हळहळ वाटते. मारियोसाठी स्विच घ्यायचाच असेल तर तो हिरा पन्नासारख्या बाजारातून आयात मालाचा घ्यावा लागतो, आणि बिघडला तर कंपनीची वॉरंटी नसते. वर्षाला एक-दोनच गेम खेळणाऱ्या लहान मुलांसाठी, आणि वीज फार जात असलेल्या घरासाठी, बॅटरीवर चालणारं हे यंत्र तरीही विचारात घ्यावं.

माझा सल्ला असा. घरात भावंडं, मित्र, डिस्कची देवाणघेवाण असेल तर डिस्कवाला पीएस फाइव्ह. मुलगा महिन्याच्या वर्गणीवर मिळेल ते खेळणार असेल, टीव्ही ४३ इंची असेल आणि इंटरनेट बरं असेल, तर सिरीज एस. सिरीज एक्स त्यांनी घ्यावा ज्यांच्याकडे मोठा फोरके पडदा आहे आणि बसायची जागा जवळ आहे.

यांपैकी काहीही घेतलं तरी सगळं बजेट खोक्यावर संपवू नये. यूपीएसपुरते पैसे बाजूला ठेवावेत. यंत्राच्या आतल्या फ्लॅश साठवणीत कुठली माहिती कुठे ठेवली याची एक नोंदवही सतत बदलत असते. गेम सेव्ह होत असताना लाइट गेली तर ती नोंद अर्धवट राहू शकते. म्हणूनच वीज परत आल्यावर पीएस फाइव्ह साठवणीची तपासणी करत बसतो, आणि क्वचित अनेक तासांची प्रगती हरवते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस कन्सोल आणि टीव्ही काही मिनिटं सांभाळतो. राउटरही त्यालाच जोडावा. गेम सेव्ह करून मेनूमधून यंत्र रीतसर बंद करायला एवढी मिनिटं पुरेशी आहेत, आणि हे कसं करायचं ते मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावं.